मीठ घातलेलं कवच

शारी गेली हे मला कोणी सांगितलं नाही. नर्सनं तिची पिशवी माझ्या हातात दिली, आणि जित्या माणसाची पिशवी कोणी अशी परत देत नाही, हे मला कळलं. ऑक्टोबरची दुपार होती. शस्त्रक्रिया पित्ताच्या खड्यांची, साधी होती. मी उकडलेल्या जर्दाळूंची बरणी घेऊन आलो होतो, कारण तिला तिथलं सूप चालत नव्हतं. नर्स म्हणाली, "बेर्की बाईंचे यजमान तुम्हीच ना? बसा जरा. डॉक्टर येतील बोलायला." मी म्हणालो, "बोलायचं काय आहे?" तिनं भिंतीलगतचा बाक दाखवला. मी बाकावर बसलो. बरणी शेजारी ठेवली. पिशवीत काय आहे ते बघायला लागलो, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. चष्मा, सपाता, अर्धं चॉकलेट, आणि तळाशी तिच्या रुमालात गुंडाळलेला ओळंबा. पितळेचा, अंगठ्याएवढा. ती गिरणीतून परस्पर इस्पितळात आली होती, म्हणून तो सोबत राहिला असणार. त्याची मेण लावलेली दोरी मी बोटांमधून ओढत गेलो. दोरीला गाठी होत्या. पहिल्या काही गाठी अगदी लागून, मधे तांदळाचा दाणा मावेल एवढंच अंतर. ती अंतरं मला पाठ होती. पण शेवटची गाठ नवी होती. तिच्या आणि आधीच्या गाठीमध्ये माझं आडवं बोट मावत होतं. शारीनं हे मला सांगितलं नव्हतं. डॉक्टर आले, हृदयाबद्दल काहीतरी बोलले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्या दोन गाठींमध्ये बोट घालून बसलो होतो, आणि माझ्या मनात तिच्याआधी छत आलं. याची मला अजून लाज वाटते, पण तसंच झालं.

दोरीचं असं होतं. तिसा नदीच्या काठी जी सूतगिरणी आहे तिच्या छताचा नकाशा शारीनं काढला. काँक्रीटची पातळ कवचं, होडी पालथी घातल्यासारखी, एकाला एक लागून. मधे खांब नाहीत. कवचं जमिनीवर ओतायची, धरली की क्रेननं उचलून वर ठेवायची. शेवटच्या कवचाच्या पोटात, अगदी मधोमध, तिनं एक हूक बसवून घेतला होता आणि त्याच्या बरोबर खाली फरशीत एक पितळी खिळा. वर्षातून एकदा ती जायची, फिटरला शिडीवर चढवून हुकाला दोरी लावायची, आणि ओळंब्याचं टोक खिळ्याला जेमतेम लागतं का ते बघायची. छत तेवढंच असेल तर टोक लागून उभं राहतं. छत खाली आलं असेल तर ओळंबा फरशीवर कलंडतो. मग दोरी तेवढी आखडून वर नवी गाठ मारायची. बाकी कुठल्याच कवचाला असा हूक नव्हता. बाकीच्यांची तिला काळजी नव्हती.

मी तिच्या ऑफिसचा ड्रायव्हर होतो. कारखान्यांचे नकाशे काढणारं सरकारी ऑफिस, पाच मजली, आणि खाली आवारात आम्ही, आमच्या गाड्या आणि ग्रीसचा वास. ती नवी नवी लागली तेव्हा मी तिला साइटवर नेत असे. गाडीत बसली की खिडकीतून सारखी वर बघायची, चिमण्या, पाण्याच्या टाक्या, छतं. एकदा म्हणाली, "ड्रायव्हर, तुम्ही कधी वर बघत नाही का हो?" मी म्हणालो, "बाई, मी वर बघितलं तर आपण दोघं खड्ड्यात." ती इतकी हसली की तिच्या मांडीवरचा भाकरी-चरबीचा डबा सांडला. लग्नानंतरही ती सवय गेली नाही. कोणाच्याही घरात शिरली की आधी छत बघायची, मग माणसांना नमस्कार. माझी आई म्हणायची, "सूनबाई, कोळिष्टकं शोधतेस काय?" खाणावळीत ती भिंतीलगतचं टेबल मागायची. सुरुवातीला हे गमतीचं वाटायचं. गिरणी झाल्यावर गंमत राहिली नाही. आता मी एकटा जेवायला बसतो तेव्हा माझी मान आपोआप वर जाते. आमच्या घराच्या छताला स्वयंपाकघरात एक बारीक भेग आहे, केसाएवढी, रंगाची असेल. पूर्वी मी ती कधी पाहिली नव्हती. आता बटाटे सोलताना वाटतं, ती माझ्याकडे बघते आहे. वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली की हातातली सुरी थांबते.

शारीचा बाप जमीनदाराच्या तबेल्यात कामाला होता. हिवाळ्यात दोघी बहिणींत मिळून बुटांचा एकच जोड. नवं राज्य आलं, तिला उचलून वसतिगृहात ठेवलं, शिकवलं, ड्रॉइंग बोर्डापुढे बसवलं. ती हे विसरली नाही. लोक रांगेत उभं राहून सरकारवर विनोद करायचे तेव्हा ती हसायची नाही. मला म्हणायची, "वेन्दी, ज्यांनी मला अनवाणी उचललं त्यांना मी छत वेळेवर द्यायला नको?" गिरणी हे तिचं पहिलं मोठं काम. सात नोव्हेंबरच्या, रशियातल्या क्रांतीच्या सणाला छत पूर्ण झाल्याचं वर कळवायचं होतं, मंत्री येणार होते, बँड ठरला होता. आणि आधीच्या आठवड्यात शेवटचं कवच उचलताना क्रेनचा तोल गेला. कवचाच्या कडेला तडा पडला. सगळे म्हणाले, सिमेंट फासा आणि चढवा. शारी एकटी अडून बसली. "तडा गेलेलं कवच मी वर जाऊ देणार नाही." तेवढं तिनं केलं. तडा गेलेलं ते कवच आवारात एका बाजूला पडून राहिलं, आणि छताला एक भोक राहिलं, त्यातून पाऊस आत पडत होता.

पण सण तर पुढे जाणार नव्हता. भोकावर ताडपत्री ताणायची आणि डहाळी चढवायची, असं ठरलं. छत मिटलं की सर्वांत उंच जागी हिरवी डहाळी फिती लावून बांधायची, मग मालकानं गड्यांना जेवण घालायचं, हे आमच्याकडे राजे होते तेव्हापासून आहे. मालक गेले, डहाळी राहिली. ती बांधायचा मान सुतारांच्या मुकादमाचा. तो होता माते बाची, म्हणजे माते काका, गुडघ्यापर्यंत चुन्यानं पांढरा म्हातारा. तो म्हणाला, "मी नाही बांधणार."

शारी म्हणाली, "माते बाची, उद्या पाहुणे येणार आहेत."

"पाहुणे येतील, जातील. छताला भोक आहे."

"ताडपत्री आहे ना."

"पोरी, ताडपत्रीनं तुझ्या आईला फसव, मला नको. उघड्या छतावर डहाळी बांधली की ते छत माणसं मागत राहतं. माझ्या बापानं बांधली नाही, मी बांधणार नाही. बिअर पण नको तुमची."

मागून कोणी तरी म्हणालं, "म्हाताऱ्याला बिअर नको म्हणजे गोष्ट गंभीर आहे," आणि गडी हसले. शारी हसली नाही. तिनं ती डहाळी खांद्यावर टाकली आणि रबरी बूट घालून स्वतः शिडी चढली. मी खाली गाडीला टेकून उभा होतो. वारा होता, फिती तिच्या तोंडावर येत होत्या. तिनं ती बांधली, वरून हात केला. बावळट, आनंदी, बत्तीस वर्षांची. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. ताडपत्री फोटोत दिसत नव्हती.

छत पूर्ण झालं असं वर कळवलं गेलं, म्हणजे ते पूर्ण झालं. नवं वर्ष लागायच्या आत सूत कातायच्या चात्या फिरायला हव्या होत्या, ते त्या वर्षाच्या योजनेत होतं. डिसेंबरात कडक गारठा पडला, भोकासाठी ओतायच्या नव्या कवचाचं काँक्रीट धरेना. तेव्हा पोत्यांतून पांढरं रसायन आलं. गडी त्याला मीठ म्हणायचे. मिसळलं की काँक्रीट थंडीतही झटपट धरतं, पण आतल्या सळईला ते खात राहतं, आणि ओल असली की जास्तच खातं. सूतगिरणीत तर धागा तुटू नये म्हणून हवेत सदा पाणी फवारतात. शारीला हे माहीत होतं. तिनं हात आडवा घातला. तेव्हा तिला सांगितलं गेलं, "कोणतं कवच, कॉम्रेड? छत तर नोव्हेंबरात झालं. डहाळी तुम्हीच बांधलीत." मीठ घातलेलं ते कवच वर गेलं. कागदावर ते सप्टेंबरात, उन्हात, बाकीच्यांबरोबर ओतलेलं आहे. आत्तासुद्धा तसंच आहे.

त्यानंतर तिला पदक मिळालं. मग मंगोलियात पीठगिरणी, दक्षिणेला शीतगृहं, एक वीजकेंद्र. ती मोठी झाली. परदेशी पाहुणे आले की त्यांना तिसाकाठी नेऊन तिच्या छताखाली उभं करायचे, आणि ते मान वर करून तोंड उघडून बघायचे. शारी तेव्हा त्यांच्या पायांकडे बघायची. कोण कुठे उभं आहे ते. परत येताना गाडीत डोळे मिटून बसायची. एकदा मी म्हणालो, "झोपलीस का?" म्हणाली, "नाही, ऐकतेय." "काय?" तर म्हणाली, "ते आवाज करत नाही वेन्दी, हीच अडचण आहे." मग ती लिहायला लागली. टेकू लावा, एकच पोलादी टेकू, मी नकाशा काढून देते. ऑफिसात उपसंचालक तोर्मा होते, शारीबरोबर शिकलेले, गोड माणूस, खिशात सदा पुदिन्याच्या गोळ्या. ते तिला पूर्ण नावानं हाक मारून म्हणायचे, "शारोल्ता, टेकूला कारण लागतं. कारण दाखवायचं तर कवच कधी ओतलं ते दाखवावं लागेल. ते दाखवलं तर मंत्र्यांनी कशाचं उद्घाटन केलं? गोळी घे." एका बैठकीत गिरणीचे नवे मुख्य, कॉम्रेड हालास, तिची दोरी हातात घेऊन म्हणाले, "दमट हवेत दोरी लांबते, कॉम्रेड. छत नाही उतरत." शारी म्हणाली, "ओली दोरी आखडते. कपडे वाळत घालणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा." सगळे हसले. पुढच्या महिन्यात तिचं टेबल मागच्या खोलीत गेलं. मोठी छतं तिच्याकडून काढून घेतली आणि तिला फाटकावरच्या पहारेकऱ्यांच्या खोल्यांचे नकाशे काढायला बसवलं. ती शेवटपर्यंत तेच करत होती. म्हणायची, "चांगलं आहे. हे छत पडलं तर एकच माणूस दबेल, तोही झोपलेला."

तोर्मा अंत्यविधीला बोलले. ऑफिसचा हार होता, लाल फितीवर सोनेरी अक्षरं. "कॉम्रेड शारोल्ता बेर्की यांनी या देशाला छतं दिली. तिसाकाठची गिरणी उभी आहे आणि उभी राहील." माझ्या ओव्हरकोटच्या खिशात ओळंबा होता. मी तो मुठीत इतका दाबला होता की टोक तळव्यात शिरलं. फितीचं टोक वाऱ्यानं सारखं उडून पेटीवर आपटत होतं. मला ती शिडीवर दिसली. लोक एकेक करून मूठभर माती टाकत होते, आणि खालून तो पोकळ आवाज येत होता, वर काहीतरी पडल्याचा. माझ्यानं ऐकवेना.

घरी बसवेना म्हणून मी त्याच आठवड्यात गिरणीत गेलो. फाटकावरची खोली शारीनंच काढलेली. पहारेकरी ओळखीचा, टोपी काढून उभा राहिला. आत गिझी नेनी, म्हणजे गिझी मावशी, भेटली. ती कताई खात्याची मुकादमीण आहे, आवाज मोठा, कारण आयुष्यभर यंत्रांवरून ओरडत आली. तिनं मला मिठी मारली, मग मागे होऊन माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवत नाहीस वाटतं. विधुर झालास म्हणजे उपाशी मरायचं असं कोणी सांगितलं?" मी खिशातून दोरी काढली. तिनं शेवटच्या गाठीवर अंगठा ठेवला. शारी शेवटची आली होती तेव्हा हीच शेजारी होती. मी विचारलं, "एवढं उतरलं हे तिनं सांगितलं का तुला?" गिझी नेनी म्हणाली, "सांगितलं नाही. गाठ मारली आणि शिडी धरून वाकून उभी राहिली. मी म्हटलं, बाई, पोटात दुखतंय का? तर म्हणाली, हो, पोटात."

त्या कवचाखालची रांग रिकामी होती. गेल्या वर्षीपासून गिझी नेनीनं तिथली यंत्रं दुरुस्तीला म्हणून बाजूला काढून ठेवली होती, शारीच्या सांगण्यावरून. फरशीवर यंत्रांच्या पायांचे काळे चौकोन होते आणि मधे पितळी खिळा चमकत होता, पुसलेला. फिटर पिश्ता शिडी घेऊन आला. वर चढला, दोरी लावली. आजूबाजूला चात्यांचा तो एकसारखा आवाज, दातांत बसणारा, आणि अंगावर बारीक ओल. ओळंबा खाली आला. खिळ्याला लागला आणि आडवा झाला. दोरी सैल पडली. नव्या गाठीनंतर तीन आठवडेही झाले नसतील. पिश्ता वरून ओरडला, "नेनी, इथं गंज उतरलाय. हाताला लागतोय." त्यानं बोटं खाली करून दाखवली. तपकिरी होती. शेजारच्या रांगेतली एक पोरगी, केसांवर कापसाची लव, थांबून वर बघायला लागली. गिझी नेनी तिच्यावर खेकसली, "धाग्याकडे बघ! छत मी बघते."

हालास वाईट माणूस नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, कॉफी मागवली, शारीबद्दल दोन शब्द चांगले बोलले. मग म्हणाले, "बेर्की, तुम्ही ड्रायव्हर आहात."

"हो."

"मग मला सांगा, ब्रेक खराब आहे असं तुमच्या बायकोच्या मैत्रिणीच्या नवऱ्यानं सांगितलं तर तुम्ही गाडी थांबवाल?"

"थांबवीन. उतरून बघीन," मी म्हणालो.

ते थोडं हसले. "मी टेकू लावायला तयार आहे. शिक्का मारलेला नकाशा आणा. तुमच्याच ऑफिसचा."

"तिनं काढलेला आहे नकाशा."

"शिक्का, बेर्की. आणि ती रांग मी रिकामी ठेवू शकत नाही. सात नोव्हेंबरला सगळ्या चात्या फिरताना दाखवायच्या आहेत. वरून फोन आलाय."

मी म्हणालो, "लाकडी टेकू लावतो. पिश्ता आणि मी. आवारात ओंडके आहेत. एका दुपारचं काम." त्यांनी मान हलवली. "कापसात लाकूड? आगीचे तपासनीस मला फाडून खातील." मग खिडकीकडे जाऊन, पाठ माझ्याकडे करून म्हणाले, "मी त्या रांगेतून चालताना भराभर चालतो. हे मी तुम्हाला सांगितलं नाही."

तोर्मांनी मला पुदिन्याची गोळी दिली. मी घेतली नाही, तेव्हा ती त्यांच्याच तळहातावर राहिली. ते म्हणाले, "वेन्देल, शारोल्ता गेल्यावर तरी तिचं नाव शांत राहू दे. आज मी म्हटलं ते कवच वेगळं आहे, तर पहिला प्रश्न काय येईल? डहाळी कोणी बांधली? फोटो आहे." मी म्हणालो, "विचारू दे. ती नाही म्हणणार नाही." ते म्हणाले, "ती नाही आता. म्हणूनच तर." गोळी त्यांनी परत डबीत ठेवली. पिश्ताची तपकिरी बोटं मी त्यांना सांगितली. ते म्हणाले, "गंज सगळीकडे असतो," आणि हे म्हणताना त्यांनी क्षणभर आपल्या खोलीच्या छताकडे पाहिलं. मला दिसलं ते. म्हणजे त्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. माते बाचीच्या तोंडून ते वाक्य ऐकलेले गडी आता म्हातारे झालेत, त्यांच्या सुना आणि नाती त्या छताखाली चात्या भरतात, आणि घरी जेवताना कोणी तो विषय काढत नाही.

काल गिझी नेनीचा फोन आला, फाटकावरच्या खोलीतून. म्हणाली, "यंत्रं परत रांगेत लावली. मी खुर्ची टाकून वाटेत बसले तर मला उचलून बाजूला ठेवलं, खुर्चीसकट." मी विचारलं, "पोरींचं काय?" म्हणाली, "सांगितलंय, वरून वाळू पडली तरी दाराकडे पळा, धागा तुटला तर तुटू दे. हसतात मला. म्हणतात, नेनीला भूत दिसतं." मग म्हणाली, "येतोस का? येऊन काही होणार नाही, पण ये."

म्हणून मी आलो आहे. मला आत सोडलं नाही. यंत्रं चालू असताना बाहेरच्यांना मनाई. मी आवारात तडा गेलेल्या त्या जुन्या कवचाखाली बसलो आहे, जे शारीनं वर जाऊ दिलं नाही. ते तेव्हापासून जमिनीवर पालथंच आहे. एका टोकाला विटा लावून त्यांनी त्याचा सायकलींचा आडोसा केला आहे. त्यात मीठ नाही. पाऊस, बर्फ, सगळं खाऊन ते तसंच आहे. कडेचा तडा तेवढाच आहे, वाढलेला नाही, मी बोट फिरवून पाहिलं. कुठेही गंज नाही. याच्याखाली पोरींच्या सायकली उभ्या आहेत, हँडलला फडकी बांधलेली, एकीच्या टोपलीत सफरचंदं. पलीकडे छतावर काही माणसं शिडी लावून लाल झेंडे बांधताहेत. वारा आहे. एक जण वर उभा राहून खाली हात करतो आहे, कोणाला ते इथून दिसत नाही. भोंगा झाला. दुसरी पाळी आत गेली. भिंतीतून चात्यांचा आवाज येतो आहे, एकसारखा, आणि मी दुसरा आवाज येतो का म्हणून कान देऊन बसलो आहे. ओळंबा माझ्या खिशात आहे. तिचा नकाशा माझ्या मांडीवर आहे, त्यावर शिक्का नाही. आतल्या शेवटच्या कवचाखाली टेकू अजून लागलेला नाही.